ट्रेकच्या सॅकमध्ये वचनांची कार्डं

“ताई, सलाम. मी चिंचवडला राहते, आयटीत आहे. दोन वर्षांपासून एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर सह्याद्रीत भटकते. मी ख्रिस्ती आहे हे तिथे कुणालाच माहीत नाही. आडनाव जाधव, त्यामुळे विचारायचा प्रश्न येत नाही. रविवारचा ट्रेक असला की ‘घरी पाहुणे आहेत’ म्हणून टाळते. आता आमच्या चर्चच्या तरुण संघाचे पुढारी म्हणतात, छंद ही देवाने दिलेली संधी आहे, गडावर चिक्कीबरोबर बायबलच्या वचनांची कार्डं वाट. दर बैठकीत विचारतात, ‘किती जणांना सांगितलंस?’ मागे हरिश्चंद्रगडावर तंबूत मैत्रिणीने विचारलं, ‘झोपताना काय पुटपुटतेस गं?’ तिचे वडील नुकतेच गेलेत. मी म्हटलं, ‘काही नाही.’ तेव्हापासून ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणणाऱ्या पेत्रासारखं वाटतंय. — भटकी”

प्रिय भटकी, सलाम.

पेत्राला यात ओढू नकोस. त्याला शेकोटीपाशी विचारलं ते संशयाने, तुला विचारलं ते मायेने. शिवाय तुझी मैत्रीण आहे तिथेच आहे, फोन कर.

मला खटकले ते तुझे पाहुणे. दोन वर्षं रविवार आला की पाहुणे! अगं, एवढा गोतावळा कुणाचा असतो? तोंडी थाप आणि सॅकमध्ये वचनांची कार्डं, हे एकत्र नांदायचं नाही. ज्या दिवशी तू कार्ड काढशील, त्या दिवशी ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मनात एकच येईल: ही दोन वर्षं यासाठी येत होती तर! तुझं पाणी देणं, मागे रेंगाळणाऱ्याबरोबर थांबणं, सगळ्यावर पाणी पडेल. म्हणून आधी एवढंच सांगून टाक, “रविवारी सकाळी मी भक्तीला असते, चर्चला.” जाधव आडनावाची मुलगी ख्रिस्ती कशी, असं कुणीतरी विचारेलच. आजी-आजोबांपासूनची जी हकिगत असेल ती सांग. आणि अधूनमधून शनिवारी ट्रेक ठेवा असं सुचव; आयटीवाल्यांना शनिवारची सुट्टी असतेच.

आता मैत्रीण. तिला भेट आणि सांग, “त्या रात्री मी प्रार्थना करत होते.” तिच्या बाबांसाठी करत होतीस, तर तेही सांग, करत नव्हतीस, तर सोयीसाठी जोडू नकोस. मग गप्प बस. ती पुढे विचारेल किंवा विषय बदलेल, दोन्ही चालेल. बाप गेलेल्या मुलीला त्या घटकेला प्रवचन देऊ नये. तिच्या आईची चौकशी कर, बँकेची कागदपत्रं निस्तरायला सोबत जा. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात आहे ना, आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. कोणी विचारलं तर, हे तिथे गृहीतच आहे. आपल्याकडे घाई अशी की विचारायला कुणाला उसंतच देत नाहीत.

रेव्हरंड टिळकांचा आगगाडीतला प्रसंग तू शब्बाथशाळेत, चर्चच्या मुलांच्या वर्गात, ऐकला असशील. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला आणि त्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला. पुढे १८९५ मध्ये टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. व्यासपीठावरून सांगताना पुस्तकाची गोष्ट रंगवतात आणि आधीच्या गप्पा गाळतात. दोघं आधी संस्कृत काव्यावर बोलत होते! टिळक कवी, त्या माणसालाही काव्याची गोडी. तो आवडीचं बोलत होता, गळ टाकून बसला नव्हता, असं मला तरी वाटतं. त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणजे किती जणांना सांगितलं याचा हिशेबही त्याच्या नावावर नाही. आणि ही गोष्ट सांगायची तर टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षांची ताटातूटही सांगावी. त्यांनी पुढे आपल्या मनाने, आपल्या वेळेला बाप्तिस्मा घेतला. एकाच्या विश्वासाने दुसऱ्याच्या घरात काय काय हलतं, हे सुवार्ता सांगणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

कार्डं नकोत. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने आपल्याला धर्म आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, मान्य. पण ती माणसं गड बघायला पैसे भरून आली आहेत. दमून टेकलेल्या माणसाच्या हातात चिक्कीखाली वचन सरकवणं मला बरं वाटत नाही. सध्याच्या दिवसांत त्याचा भलताच अर्थही निघू शकतो, आणि निस्तरावं लागेल ग्रुपच्या लीडरला. तुमच्या संघाला ट्रेक काढायचाच असेल तर जरूर काढा; वर प्रार्थना आणि गीतं होतील असं निमंत्रणातच लिहा. ज्याला यायचं तो समजून येईल.

तू विचारलं नाहीस, पण पुढे अडेल म्हणून सांगते. कळसूबाईच्या माथ्यावर मंदिर आहे, तिथे ग्रुप आरती करणारच. बूट काढ, बाजूला शांत उभी राहा, फोटो काढून दे. नारळाचा तुकडा हातावर आला तर काय करायचं, यावर आपल्याच मंडळीत दोन तट आहेत. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय वाच, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी तिथे आहे, तुझं तू ठरव. घ्यायचा नसेल तर हसून “नको” म्हण. नाक मुरडू नकोस.

राहिले पुढारी. त्यांनी आकडा विचारला की सांग, “शून्य. पण माझ्या एका मैत्रिणीचे वडील गेलेत, तिच्यासाठी प्रार्थना करा.” नाव सांगू नकोस, तिने तुला तशी मोकळीक दिलेली नाही. तरीही आकड्यावरच अडून बसले, तर त्यांना एकदा ग्रुपबरोबर ट्रेकला ने. बैठकीत बसणाऱ्या माणसाला हरिश्चंद्रगड झेपायचा नाही, लोहगड पुरे. कार्डं मात्र घरी ठेवायला लाव.

तुझी,
ताई