सिबिल कमी आहे म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ताई, मी चिपळूणजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घर बांधायला १८ लाखांचं कर्ज मागितलं. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, जागेची कागदपत्रं सगळं दिलं. आठ दिवसांनी साहेब म्हणाले, "सर, सिबिल कमी आहे, ६४१." मोटारसायकलचा एकही हप्ता मी चुकवलेला नाही. २०१९ साली पगार खात्याबरोबर एक क्रेडिट कार्ड आलं होतं, ते पाकिटातून बाहेरसुद्धा काढलं नाही. मोबाइलवर एका अ‍ॅपमध्ये ६४१ दिसतं, दुसऱ्यात ६९८. खरं कोणतं? परत परत बघायचीही भीती वाटते, बघितलं की स्कोअर कमी होतो म्हणतात. ओळखीतला एक एजंट ८ हजारांत ७५० करून देतो म्हणतोय. देऊ का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर, एजंटला एक रुपयाही देऊ नका, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी तर मुळीच सांगू नका. तुमची कर्जं आणि त्यांची परतफेड यांच्या नोंदींचा एक रिपोर्ट असतो, आणि त्यावरून काढलेला आकडा म्हणजे स्कोअर, ज्याला साहेब 'सिबिल' म्हणाले. त्या रिपोर्टवरची खरी नोंद कोणालाही पैसे घेऊन पुसता येत नाही. चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला तुम्हाला खर्च नाही. एजंट फार तर तुमच्या नावाने तीच तक्रार भरेल, जी तुम्ही स्वतः घरी बसून भरू शकता.

बघण्याची भीतीही सोडा. तुम्ही स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा पाहा, स्कोअरला धक्का लागत नाही. तुम्ही कर्जाचा अर्ज करता आणि त्यासाठी बँक तुमचा रिपोर्ट मागवते, ती चौकशी नोंदली जाते. एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज केले तर पाच चौकश्या दिसतात, आणि या माणसाला पैशाची फार निकड आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून इथे नाही तर तिथे असं करत अर्ज टाकत सुटू नका. आधी रिपोर्ट हातात घ्या.

आपण सगळे सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण आपल्या देशात या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण तो काढायची रीत प्रत्येकीची वेगळी. म्हणून दोन अ‍ॅपमध्ये दोन आकडे दिसले. दोन्ही खरेच, दोन वेगळ्या कंपन्यांचे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०१७ पासून या कंपन्यांना दर कॅलेंडर वर्षात प्रत्येक माणसाला एक संपूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, फुकट देणं बंधनकारक झालं. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट हक्काचे. मी दर तिमाहीला एका कंपनीचा काढते, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. तुम्ही मात्र आत्ता चारही काढा, कारण चूक एकाच ठिकाणी असू शकते आणि तुमची बँक नेमकी तिथेच बघत असेल.

अ‍ॅपवरून नको, थेट कंपनीच्या वेबसाइटवर जा. पॅन, जन्मतारीख, मोबाइल नंबर भरायचा, ओटीपी टाकायचा, काही वेळा जुन्या कर्जाबद्दल एखाद-दुसरा प्रश्न विचारतात. महिन्याचे, वर्षाचे सशुल्क प्लॅन समोर येतात. ते घ्यायची गरज नाही, वर्षाचा मोफत रिपोर्ट कुठे आहे ते शोधा. अ‍ॅपवर फुकट स्कोअर दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा कर्जाच्या ऑफर पाठवायची परवानगीही त्याच टिचकीत घेतलेली असते. मग दुपारी वर्गात असताना फोन सुरू होतात.

आता रिपोर्ट वाचायचा. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढली. शेवटच्या काही वर्षांत माझ्या टेबलावर एक लाकडी फूटपट्टी असायची, ती फक्त रिपोर्ट वाचायला. प्रिंट काढून ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक चौकोन बघायचा. तुम्हीही प्रिंट काढा, मोबाइलच्या स्क्रीनवर हे नीट दिसत नाही.

पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर. इथे घाई करू नका. आपल्याकडे नाव कधी आडनावापासून लिहितात, कधी वडिलांचं नाव गाळतात, आणि जुन्या खात्यांना पॅन जोडलेला नसतो. माझ्याकडे एक माणूस यायचा, गिरणीत फिटर होता. त्याच्या रिपोर्टवर कधीही न घेतलेलं ट्रॅक्टरचं कर्ज थकीत दिसत होतं. नाव तेच, जन्मतारीख तीच, माणूस तिसऱ्याच जिल्ह्यातला. त्याने आयुष्यात ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरलं नव्हतं. पत्त्यांच्या यादीत एक अनोळखी तालुका होता, तिथून मला शंका आली. म्हणून म्हणते, न राहिलेला पत्ता किंवा न वापरलेला नंबर दिसला तर तिथेच खूण करा.

पुढे खात्यांची यादी. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात आणि त्यात तीन आकडे. याला डीपीडी म्हणतात, म्हणजे देय तारखेनंतर किती दिवस पैसे थकले होते. ००० म्हणजे त्या महिन्यात सगळं वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. काही ठिकाणी आकड्यांऐवजी एसटीडी असतं, ते खातं नियमित असल्याचं चिन्ह, घाबरू नका. सिबिलच्या रिपोर्टवर असे ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन दिसतात. तुमच्या मोटारसायकलच्या खात्याखाली ओळीने ००० दिसायला हवेत.

आणि आता ते कार्ड. सर, पत्रातलं ते एक वाक्य मी दोनदा वाचलं. माझा अंदाज आहे की गाठ तिथेच आहे. पगार खात्याबरोबर दिलेली कार्डं पुष्कळदा पहिल्या वर्षी फुकट असतात. दुसऱ्या वर्षी ५०० रुपये फी धरा, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०, झाले ५९०. बिल जुन्या ईमेलवर जातं, तुम्ही ते उघडत नाही. मग उशिराचा दंड, त्यावर व्याज, त्यावर पुन्हा जीएसटी. डीपीडीच्या चौकोनात मात्र रक्कम दिसत नाही, फक्त दिवस दिसतात. ५९० रुपये नव्वद दिवस थकले तरी ०९०, पाच लाख थकले तरी ०९०. नव्वद दिवसांपुढे तर ते खातं बुडीतकडे झुकलेलं धरतात. तुमच्यासारख्या, कधी कोणाचे चार आणे न ठेवणाऱ्या माणसाचा स्कोअर एका न वापरलेल्या कार्डाने पडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे.

रिपोर्टवर तसंच निघालं तर कार्डाच्या बँकेला लेखी विचारा : कार्ड कधी सुरू केलं, फी कशाची, पुरावा द्या. तुम्ही कार्ड सुरूच केलं नसेल तर फी मागे घेऊन नोंद दुरुस्त करा असं त्याच पत्रात मागा. फी रीतसर निघाली तर पूर्ण भरा, कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं उरलेलं नाही असं, पत्र घेतल्याशिवाय विषय सोडू नका. कार्डावर काही देणं बाकी नसताना बंद करण्याचा अर्ज दिला की सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड आहे, तोही तुम्हाला द्यायचा.

एक गोष्ट मात्र करू नका. वसुलीवाला फोन करून म्हणेल, "सर, नऊ हजार आहेत, चार हजारांत सेटल करून टाका." चार हजारांत विषय मिटल्यासारखा वाटतो, पण रिपोर्टवर त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असं लागतं. त्याचा बँकेच्या भाषेत अर्थ, याने पूर्ण पैसे दिले नाहीत. घरकर्ज तपासणारा अधिकारी त्या एका शब्दापाशी थांबतो. मीसुद्धा थांबायचे. 'क्लोज्ड' हवं असेल तर पूर्ण रक्कम भरा.

नोंदच चुकीची असेल तर त्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार भरा. रिपोर्टवर कंट्रोल नंबर असतो, तो लागतो. कंपनी स्वतःच्या मनाने काही बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्या बँकेला विचारते. बँकेला उत्तर द्यायला २१ दिवस, आणि तक्रार मिटवायला एकूण ३० दिवस. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की त्याहून उशीर झाला तर तुम्हाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तीस दिवसांत उत्तरच आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत, आणि माहिती विचारायला १४४४८ हा नंबर आहे.

तोवर घरकर्जाच्या साहेबांना भेटा आणि चारही प्रिंट टेबलावर ठेवा. अमुक इतका स्कोअर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही, ते प्रत्येक बँकेचं धोरण असतं. कारण कागदावर दाखवलंत तर ऐकणारे अधिकारी आहेत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्याला ताजी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. आकडा मात्र सावकाश चढतो. घराचं काम पावसाळ्यानंतर काढणार असाल तर हातात वेळ आहे.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, पहिलीच नोकरी. स्कोअर पाहिला तर -१ आला. आईने तर डोक्याला हात लावला. मी कधी कोणाचे पैसे बुडवलेले नाहीत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आईला सांग, -१ म्हणजे बुडव्या नाही. तुझ्या नावावर आजवर कर्जही नाही आणि कार्डही नाही, म्हणून मोजायलाच काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवात करायची तर बँकेत छोटी मुदत ठेव ठेव आणि तिच्यावर मिळणारं कार्ड घे. त्यावर महिन्याला मोबाइलचं बिल आणि प्रवासाचा पास, बास. बिल आलं की पूर्ण भर. 'किमान रक्कम' असा एक छोटा आकडा बिलावर छापलेला असतो, त्याच्याकडे बघूही नकोस. उरलेल्यावर व्याज धावत असतं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेव. सहा-आठ महिन्यांत तुझा खरा आकडा दिसायला लागेल.

प्रश्न : मेहुण्यांच्या कर्जाला मी २०२० मध्ये जामीन राहिलो. आता माझ्या रिपोर्टवर ते कर्ज दिसतंय आणि थकीतही आहे. मी तर एक पैसा घेतलेला नाही. माझं नाव काढून टाकता येईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाव असं एकतर्फी काढता येत नाही, दादा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी मेहुण्यांच्या मागे लागून मगच तुमच्याकडे येईल, असंही नाही. दुसरा सक्षम जामीनदार किंवा जादा तारण दिलं आणि बँकेने मान्य केलं, तरच तुमची सुटका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका सहकाऱ्याच्या घरकर्जाला मी जामीन राहिले होते. २०१७ मध्ये मोफत रिपोर्ट सुरू झाले तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःचा काढला. तोवर शेकडो लोकांचे वाचले होते, माझा वाचला नव्हता. तिसऱ्या पानावर ती ओळ होती : जामीनदार, चार हप्ते थकीत. मला राग आला आणि त्या रागातच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. आत ते पलंगावर होते, पायाचं ऑपरेशन झालेलं, अर्ध्या पगारावर घरी. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच. उशीखालून पासबुक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मान खाली घातली.

आम्ही तिथेच बसून बँकेला अर्ज लिहिला : हप्ता कमी करा, मुदत वाढवा. एक हप्ता मी भरला, एक त्यांच्या भावाने. बँकेने मुदत वाढवून दिली.

तुम्हीही आधी मेहुण्यांकडे जा, फोनवर नको. थकबाकी किती आणि का, हे त्यांच्या तोंडून ऐका. मग दोघं मिळून शाखेत जा आणि खात्याचा उतारा मागा. थकलेले हप्ते भरले गेले की तुमच्या रिपोर्टवरचं खातंही नियमित दिसू लागेल. जुने उशिराचे चौकोन काही काळ राहतील, पण पुढचे ००० व्हायला लागतील. आणि यापुढे दर सहा महिन्यांनी मेहुण्यांकडून तो उतारा मागून घ्या. मी त्या सहकाऱ्यांकडून कर्ज फिटेपर्यंत घेत होते. ते न विचारताच पाठवायचे, जानेवारीत आणि जुलैत.