सुरुवातीचे रेगे म्हणजे अमेरिकन सोल आणि फंकची नक्कलच होती का?

आपण विचारले आहे की, १९६८ ते १९७३ या काळातली रेगे या जमैकन संगीताची गाणी ऐकताना जागोजागी सोल आणि फंक या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारांची आठवण येते, तर मग या संगीताला जमैकाचे स्वतःचे म्हणायचे की नक्कल म्हणायचे. माझे मत असे आहे की गाण्याचा गळा बराचसा उसना होता, ताल मात्र नव्हता. फंकच्या बाबतीत तर जमैकन ड्रमर अमेरिकन तालाच्या नेमके उलट गेले. मी काही संगीताचा अभ्यासक नाही, एका हौशी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, त्यामुळे पुढचे विवेचन थोडे बेस आणि ड्रमकडे झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

१९६० च्या सुमारास जमैकाची लोकसंख्या १६ लाखांच्या आसपास होती. रात्री हवामान अनुकूल असले की मायामी आणि न्यू ऑर्लिन्सची रेडिओ केंद्रे तिथे ऐकू येत, आणि ऊसतोडणीसाठी फ्लोरिडात गेलेले मजूर परतताना रिदम अँड ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या रेकॉर्ड घेऊन येत. ज्यांच्याकडे रेडिओही नव्हता, ते किंग्स्टनच्या मोकळ्या आवारांत साउंड सिस्टिमवर नाचायला जात. साउंड सिस्टिम म्हणजे प्रचंड स्पीकर, अँप्लिफायर आणि रेकॉर्डचा साठा. आणि ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्यासारख्या मालकांमधली चुरस सगळी त्या साठ्यावर चाले. आपली रेकॉर्ड कोणाची आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून ते तिच्यावरचे लेबल खरवडून काढत. कॉक्सनने विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची अशीच एक रेकॉर्ड ‘कॉक्सन हॉप’ या नावाने आपली ओळखधून म्हणून दीर्घकाळ मिरवली. पुढे रीडने ती शोधून काढली आणि स्वतःच्या सिस्टिमवर वाजवली, तेव्हा ते बिंग फुटले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट आली, जमैकन श्रोत्यांना हव्या असलेल्या दणकट रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या, आणि याच मालकांनी स्थानिक गायक-वादकांकडून ध्वनिमुद्रणे करून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे जमैकाचा रेकॉर्ड उद्योगच मुळात अमेरिकन मालाची टंचाई भरून काढण्यासाठी उभा राहिला, आणि त्यामुळे अमेरिकन छाप असणे हा तिथे दोष मानला जात नव्हता, उलट ग्राहकाची तीच मागणी होती.

गळ्याच्या बाबतीत ही छाप सर्वांत स्पष्ट आहे. तिघांनी मिळून गायचे, एकाने वरच्या पट्टीत हळुवार आवाज लावायचा आणि उरलेल्या दोघांनी त्याला साथ द्यायची, ही रीत शिकागोच्या द इम्प्रेशन्सकडून आणि त्यांचा म्होरक्या कर्टिस मेफिल्ड याच्याकडून आली. बॉब मार्लीच्या वेलर्स या गटाने सुरुवातीच्या काळात त्यांनाच आदर्श मानले होते. १९६५ मध्ये कॉक्सनच्या स्टुडिओ वन या कंपनीसाठी गायलेल्या ‘वन लव्ह’मध्ये मेफिल्डच्या गाण्याचे तुकडे आहेत, आणि १९७७ मध्ये तेच गाणे नव्याने आले तेव्हा मेफिल्डच्या गाण्याचे नाव शीर्षकात जोडले गेले. द टेक्निक्सचे १९६७ चे ‘यू डोन्ट केअर’ हे तर मूळ इम्प्रेशन्सचेच गाणे आहे, फक्त नाव बदललेले. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ मध्ये आला, हे लक्षात घेतले की त्या काळी श्रेय आणि पैसा या दोन्हींबाबत इतकी ढिलाई का होती, याचा अंदाज येतो. इथे नक्कल हा शब्द कोणी वापरला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मेटल्स या गटाचा मुख्य गायक टूट्स हिबर्ट याची गोष्ट मात्र वेगळी आहे. मे पेन या गावात चर्चमध्ये गात तो वाढला, आणि त्याच्या आवाजातली ती खरखर, ओळ संपल्यावरही शब्द घोळवत राहण्याची ती सवय ऐकून लोक त्याची तुलना ओटिस रेडिंग या अमेरिकन सोल गायकाशी करतात. दोघांच्याही गाण्याचे मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येच आहे, त्यामुळे हे साम्य उसनवारीपेक्षा भाऊबंदकीचे अधिक वाटते. अर्थात मराठीत भाऊबंदकीला जो भांडणाचा वास आहे, तो इथे अभिप्रेत नाही. त्याच टूट्सच्या मेटल्सनी १९६८ मध्ये ‘डू द रेगे’ हे गाणे काढले आणि या संगीताला नाव मिळाले.

आता तालाकडे येतो. अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनने १९६५ नंतर जो फंक घडवला, त्याचा सगळा भर पहिल्या मात्रेवर आहे. ड्रम, बेस, गिटार, ब्रास यांनी मधल्या मात्रांमध्ये हवा तेवढा खेळ करावा, पण पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र कोसळावे, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सगळी मंडळी दणक्यात समेवर येतात. रेगेत सत्तरीच्या दशकात ड्रमचा जो ‘वन ड्रॉप’ नावाचा ठेका रुळला आणि वेलर्सच्या कार्लटन बॅरेटने जो जगभर पोहोचवला, त्यात चार मात्रा मोजल्या तर पहिली मात्रा ड्रमर चक्क सोडून देतो. मोठा ड्रम पडतो तो तिसऱ्या मात्रेवर, आणि गिटारचा तुटक ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो. ज्यांनी तबला ऐकला आहे, त्यांना रूपक ताल आठवावा, कारण त्यात सम हीच खाली असते: आवर्तन जिथून सुरू होते, तिथेच डग्ग्याचा घुमारा नसतो. वन ड्रॉपची गंमत काहीशी तशीच आहे. आमच्या बँडचा ड्रमर अनेक वर्षे रॉक वाजवत आलेला. पहिल्यांदा वन ड्रॉप वाजवायला बसला तेव्हा त्याचा उजवा पाय दर आवर्तनाला पहिल्या मात्रेवर आपोआप पडत असे, आणि शेवटी त्याने तो पाय पेडलवरून उचलून स्टूलाच्या पायाला टेकवून ठेवला आणि तिसऱ्या मात्रेपुरताच तो पेडलवर आणू लागला. माझीही अवस्था फारशी बरी नव्हती, कारण रेगेत बेसलाही पुष्कळदा पहिली मात्रा गिळावी लागते आणि तरीही संपूर्ण गाण्याचा भार त्याच्यावरच असतो. गिटारच्या त्या तुटक ठोक्यामागे मेंटो या जमैकन लोकसंगीतातला बँजो आहे, आणि ड्रमच्या भारदस्तपणामागे रास्तफारी या जमैकन धर्मपंथाच्या मेळ्यांतले न्याबिंगी ढोल आहेत. ही सामग्री घरचीच आहे.

म्हणून फंकचा प्रभाव तालापेक्षा आवेशात अधिक सापडतो. १९७० मध्ये वेलर्सनी ‘ब्लॅक प्रोग्रेस’ गायले, तेव्हा त्यांनी जेम्स ब्राऊनच्या १९६८ च्या कृष्णवर्णीय अभिमानगीताची घोषणाच उचलली होती, कारण अमेरिकेतला तो अभिमान किंग्स्टनच्या वस्त्यांनाही हवा होता. डेव्ह आणि ॲन्सेल कॉलिन्स यांची ‘डबल बॅरल’ १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तीत रूढ अर्थाने कडवे नाहीच, डेव्ह बार्कर घुमणाऱ्या आवाजात स्वतःची थोरवी गर्जत सुरुवात करतो आणि मग पियानो व ऑर्गनच्या ठेक्यावर जेम्स ब्राऊनसारखे हुंकार आणि आरोळ्या टाकत राहतो. त्या रेकॉर्डवर ड्रम वाजवणारा तरुण पुढे स्लाय डनबार म्हणून प्रसिद्ध झाला, आणि ‘स्लाय’ हे टोपणनाव त्याला स्लाय स्टोन या अमेरिकन फंक गायकाच्या प्रेमापायी मिळाले. तालातही फंककडे सरळ झुकलेले उदाहरण हवे असेल, तर मेटल्सचे ‘फंकी किंग्स्टन’ ऐकावे. शीर्षकातच कबुली दिलेली आहे. मात्र ते रेगेचा मुख्य रस्ता नव्हे, सुंदर आडवाट आहे, असे मी म्हणेन.

अमेरिकन प्रेक्षकांना हा फरक लगेच पचला असेही नाही. १९७३ मध्ये वेलर्स अमेरिकेत स्लाय अँड द फॅमिली स्टोनच्या कार्यक्रमांत आधी वाजवत होते, आणि मोजक्या कार्यक्रमांनंतरच त्यांना त्या दौऱ्यातून काढून टाकण्यात आले.

पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, आणि आपल्या प्रश्नाला माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर दोन रेकॉर्ड देतात. १९६९ मध्ये हॅरी जे ऑल स्टार्स यांनी ‘द लिक्विडेटर’ ही ऑर्गनवरची धून काढली. तीन वर्षांनी अमेरिकेत स्टॅक्स कंपनीने द स्टेपल सिंगर्सचे ‘आय विल टेक यू देअर’ आणले, ते तिथे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याची सुरुवात व बेसची चाल थेट त्या जमैकन धुनेतून उचललेली आहे. आधी ‘द लिक्विडेटर’ची पहिली पंधरा-वीस सेकंदे ऐका, मग लगेच स्टेपल सिंगर्सची, आणि हेडफोन लावूनच ऐका, कारण फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही.