खिडकी नसलेलं बाथरूम: फ्लॅट घेण्याआधी आणि घेतल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थंड देशात भाड्याचा फ्लॅट बघताय. बाथरूमला खिडकी नाही, छतात एक फॅन आहे. फोटोत बाहेरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात आणि घरमालक म्हणतो, ‘आंघोळ झाली की दार उघडं टाका, काही होत नाही.’ फ्लॅट घ्यावा का, आणि घेतलाच तर बुरशी आवरायची कशी?

निव्वळ खिडकी नाही म्हणून फ्लॅट सोडू नका. फॅन खरोखर हवा ओढतो की नुसता घुमतो, एवढं मात्र सही करण्याआधी बघा. आणि घरमालकाचा सल्ला सोडून द्या. दार उघडल्याने वाफ संपत नाही. ती घरभर फिरते आणि सगळ्यात गार जागा गाठते, बहुतेक वेळा बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची मागची बाजू. बाथरूम कोरडं ठाक दिसतं आणि कपाटातल्या कोटांना कुबट वास यायला लागतो.

असं का होतं ते एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. २० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी धरू शकते, १० अंशांची साधारण ९ ग्रॅम, शून्य अंशांची ५ ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे घरात २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरणार. बुरशीला तेवढीही वाट बघावी लागत नाही. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिचं भागतं, पाणी ओघळायलाच हवं असं नाही. दोन भिंती आणि छत मिळतात तो कोपरा सगळ्यात गार असतो आणि तिथे हवाही हलत नाही. तुमच्या फोटोतले ठिपके नेमके तिथे का, याचं उत्तर हेच.

याच आकड्यांतून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. बाहेर शून्य अंश आणि दाट धुकं असलं तरी ती हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. तेव्हा ‘बाहेर पाऊस आहे, आतली ओल वाढेल’ म्हणून हिवाळ्यात हवा अडवून धरणं ही सर्रास होणारी चूक. थंड हवेसारखी वाळवणारी हवा नाही. दमट उन्हाळ्यात मात्र हे गणित चालत नाही.

आता बाथरूमकडे या. २ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच खोलीत ८.६ घनमीटर हवा मावते. ती २५ अंशांना पूर्ण दमट झाली तरी तिच्यात पाणी असतं जेमतेम २०० ग्रॅम. बाकीचं पाणी टाइल्सवर, काचेवर, पडद्यावर आणि टॉवेलमध्ये. फॅन दमट हवा काढतो, तिच्या जागी कोरडी येते, आणि टाइल्सवरचं पाणी तिच्यात उडून ती पुन्हा दमट होते. म्हणून आंघोळ संपल्याबरोबर फॅन बंद करणं म्हणजे काम अर्ध्यावर सोडणं. फॅनचं खरं काम तुम्ही बाहेर पडल्यावर सुरू होतं. आंघोळीनंतर निदान अर्धा तास तो चालू हवा, दोघातिघांनी लागोपाठ आंघोळ केली तर जास्त. आणि दोन मिनिटांची एक युक्ती: गाडीच्या काचेवरच्या पट्टीसारखा छोटा रबरी वायपर टांगून ठेवा आणि शेवटी आंघोळ करणाऱ्याने टाइल्स आणि काच वरून खाली ओढून घ्यावी. जे पाणी मोरीतून गेलं ते हवेत जाणार नाही. फॅन बंद असताना टॉवेल बाथरूममध्ये वाळत घालू नका.

फॅन किती ताकदीचा हवा? ब्रिटनच्या बांधकाम नियमांत बाथरूमच्या फॅनला सेकंदाला १५ लिटर, म्हणजे तासाला ५४ घनमीटर, असा किमान आकडा आहे. अमेरिकेत मिनिटाला ५० घनफूट, म्हणजे तासाला सुमारे ८५ घनमीटर, हा आकडा सहसा धरतात. ५४ घनमीटरच्या फॅनने वरच्या मापाच्या खोलीतली हवा दहा मिनिटांत एकदा बदलते. पण खोक्यावरचा आकडा आणि छतातली हकीकत यांत फार अंतर असतं.

फ्लॅट बघायला जाल, किंवा तुमच्या वतीने कोणी जाईल, तेव्हा फॅन चालू करून टॉयलेट पेपरचा एक तुकडा त्याच्या जाळीला लावा. तो धरला गेला नाही तर फॅन निकामी समजा. धरला गेला म्हणजे फॅन चांगला, असं मात्र नाही. अशक्त फॅनही कागद धरतो. नेमकं मोजायचं तर ६० लिटरची कचऱ्याची पिशवी हवेने फुगवा, तिचं तोंड जाळीभोवती घट्ट धरा आणि ती रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. चार सेकंद म्हणजे सेकंदाला १५ लिटर. दहा सेकंद लागले तर फक्त सहा लिटर, म्हणजे आवाज पुरेपूर आणि काम निम्म्याहून कमी. ही चाचणी दार बंद ठेवूनच करा. मग दार उघडून पुन्हा करा. उघड्या दाराने आकडा एकदम सुधारला तर दोष फॅनचा नाही, हवा आत यायलाच वाट नाही. दाराखाली साधारण १० मिलिमीटरची फट लागते. जाड पायपुसणं दाराला चिकटवलं किंवा नवी फरशी चढवून फट बुजली की उत्तम फॅनही गुदमरतो.

मेलेले वाटणारे बरेच फॅन मेलेले नसतात. बाथरूमच्या दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला, बऱ्याचदा फॅनचा एक वेगळा स्विच असतो, तो आधीच्या भाडेकरूने आवाजाला कंटाळून बंद केलेला असतो. त्यानंतरचा संशयित म्हणजे जाळीवर बसलेली धूळ. दमट धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. वीज बंद करून जाळी काढा, साबणाच्या पाण्यात धुवा, पात्यांवरून ब्रश फिरवा. दर तीन-चार महिन्यांनी हे केलंत तर पुरे. तिसरं, बाहेरच्या तोंडावरची झडप रंगाने किंवा घरट्याने चिकटलेली असू शकते. फॅन चालू असताना बाहेर जाऊन बघा, पट्ट्या उचललेल्या दिसल्या पाहिजेत.

आणि चौथं, जे दिसत नाही: डक्ट, म्हणजे फॅनची हवा बाहेर नेणारा पाइप. पात्यांचा साधा फॅन भिंतीतून थेट बाहेर फेकायला ठीक. त्याच्यामागे तीन मीटर लवचीक पाइप आणि दोन-तीन वळणं लावली की दाब पुरत नाही. तिथे सेंट्रिफ्युगल (जास्त दाबाने हवा ढकलणारा) किंवा पाइपच्या मधोमध बसणारा इनलाइन फॅन लागतो. पाइप ताणलेला आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा. मधे झोळ पडला तर त्यात पाणी साचून वाटच बंद होते. थंड माळ्यातून जाणाऱ्या पाइपला इन्सुलेशन नसेल तर वाफेचं आतल्या आत पाणी होतं आणि फॅनमधून थेंब टपकतात. लोक त्याला छताची गळती समजतात. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे पाइप माळ्यातच सोडून दिलेला. बाथरूम कोरडं, छताची लाकडं सडताहेत. काही फ्लॅटमध्ये पाइपच नसतो, फॅन हवा गाळून परत खोलीत सोडतो. त्याने वास कमी होईल, वाफ नाही.

नवा फॅन बसवायची वेळ आली तर टायमर असलेला मागा. आर्द्रता ओळखून आपोआप चालू होणारा फॅन ऐकायला छान वाटतो, पण दमट उन्हाळ्यात तो दिवसभर घरघरत राहतो आणि वैतागून कोणीतरी त्याचा स्विच बंद करतं. माझा कौल साध्या टायमरला. बाथरूममधल्या वायरिंगला भाडेकरूने स्वतः हात लावू नये. घरमालकाला लेखी कळवा, फोटो आणि पिशवीच्या चाचणीचे सेकंद जोडा.

एक धोका आवर्जून सांगतो. फ्लॅटमध्ये खोलीतलीच हवा घेऊन जळणारा गॅसचा बॉयलर किंवा गीझर असेल, तर जोरदार फॅन त्याचा धूर चिमणीतून उलटा घरात ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अशा घरात अलार्म हवाच, आणि फॅन बदलण्याआधी गॅसच्या अधिकृत तंत्रज्ञाला दाखवा.

फॅनने वीज जाते, उष्णता बाहेर जाते, म्हणून काटकसर करणारे पुष्कळ. हिशेब करा: ८ वॉटचा फॅन अर्धा तास म्हणजे ४ वॉट-तास. बाहेर शून्य आणि आत २० अंश असताना अर्ध्या तासात बाहेर जाणारी उष्णता ०.१८ युनिट. उलट बाथरूमचा हीटर कायम बंद ठेवून वाचवलेले पैसे रंगकामात जातात, कारण गार भिंत हीच निम्मी अडचण. खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

दुसरा एखादा फ्लॅट खिडकीवाला मिळाला, तर आंघोळीनंतर दार बंद ठेवून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडा आणि मग लावून घ्या. दिवसभर बोटभर फट ठेवल्याने हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि बुरशी तिथेच धरते. फॅन चालू असताना त्याच्याशेजारची खिडकी बंद ठेवा, नाहीतर तो तीच हवा ओढून तिथेच सोडेल.

आता फोटोतले ठिपके. सुटे काळे ठिपके आणि बाहेरच्या भिंतीचा कोपरा असेल तर वाफेचं काम. पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग असेल तर वरून गळती, तिला फॅनचा उपयोग नाही. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर मागे काय होतं ते विचारा. एक चौरस मीटरपेक्षा कमी बुरशी घरी साफ करता येते: हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला, कोरडी खरवडू नका, बुरशीचं बी हवेत उडतं. टाइल्सवर ब्लीच चालतं, पण ते अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बाथटबच्या कडेच्या सांध्यात भरलेल्या रबरासारख्या सिलिकॉनमध्ये आत शिरलेला काळेपणा घासून जात नाही, ते कापून नवीन भरावं लागतं. भरताना टब पाण्याने भरलेला ठेवायचा, म्हणजे सांधा पूर्ण उघडलेला असतो. टब रिकामा ठेवून भरलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीत ताणलं जातं आणि कडेने सुटतं. २४ तास पाणी लावू नका, टबातलं पाणीही तोवर सोडू नका.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, आधीच घेऊन ठेवू नका. राहायला गेल्यावर आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर बाथरूमबाहेर, पॅसेजमध्ये ठेवा. आंघोळीनंतर तासाभरात आकडा ६० टक्क्यांच्या खाली येत असेल तर यंत्राची गरज नाही. येत नसेल तर आधी कपडे कुठे वाळताहेत ते बघा. मशीनमधून काढलेल्या एका खेपेत दोन लिटर पाणी सहज असतं, म्हणजे कित्येक आंघोळींची वाफ. कपडे घरात वाळवायचेच असतील तर बाथरूममध्येच, दार लावून, फॅन चालू ठेवून.