मंडळीत राहताना : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन वर्षांपूर्वी पेस्टोरेट कमिटीचं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचं, इलेक्शन झालं, दोन पॅनल पडले, आमचे मिस्टर एका पॅनलला आणि माझी महिला मंडळातली जवळची मैत्रीण, तिचे मिस्टर दुसऱ्या पॅनलला. त्या वेळी व्हॉट्सॲप ग्रुपवर हिशोबावरून नको ते मेसेज पडले, आमच्या घराचं नाव घेऊन, आणि ते तिनेच टाकलेले होते. तेव्हापासून बोलणं बंद. हंगामाच्या सणाच्या जेवणालासुद्धा ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. आता प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार आला की जिवावर येतं कारण तीपण तिथेच गुडघे टेकते. मी प्रभुभोजन घेणं बंद करू का? चूक तिची आहे हे सगळ्यांना माहीत आहे. — एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : बाई, प्रभुभोजन बंद करू नका. बऱ्याच जणी असंच करतात, भांडण झालं की प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहतात किंवा त्या दिवशी येतच नाहीत, आणि त्यांना वाटतं हेच बरोबर, कारण अयोग्य रीतीने खाऊ नये असं प्रेषित पौलाने बायबलमध्ये लिहिलंय. पण त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, तो पूर्ण वाचा, फक्त तेवढं एक वचन नको. तिथे पौल चिडलाय कशावर? तर ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घेत होते आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहत होते, म्हणजे अयोग्य रीत होती ती शेजारच्या माणसाला न जुमानण्याची. आणि स्वतःची परीक्षा करा असं सांगून तो थांबत नाही, परीक्षा करून मग त्या भाकरीतून खा असंच म्हणतो. घरी बसा म्हणत नाही.

आता चूक कोणाची हा मुद्दा. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन जागा आहेत. पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. अठराव्या अध्यायात उलटी परिस्थिती आहे, भावाने तुझा अपराध केलाय, तरी तूच त्याच्याकडे जा, एकांतात. म्हणजे तुम्ही चुकलात तरी जायचं तुम्ही, आणि तो चुकला तरी जायचं तुम्हीच. समोरचा येईपर्यंत वाट बघा असं कुठेच नाही. मला हे फार कठीण वाटतं आणि तरी खरं वाटतं, कारण मंडळीत दोन्ही घरं आपलीच बाजू खरी धरून बसली तर नातवंडांपर्यंत ते चालत राहतं, आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या जुन्या मंडळ्यांमध्ये असं चाललेलं आपण सगळ्यांनीच बघितलंय.

तर जा, पण कसं जायचं ते सांगते. रविवारी चर्चच्या आवारात गाठू नका, सगळे बघत असतात आणि तिलाही घट्ट राहावं लागतं. मधल्या एखाद्या दिवशी, दुपारची कामं आटोपली की तिच्या घरी जा. एकट्या जा. आधी मेसेज टाकू नका, मेसेजमुळेच सगळं झालंय. मिस्टरांना सांगून जा पण त्यांना सोबत नेऊ नका आणि इलेक्शनचा विषय तर अजिबात काढू नका, कोणतं पॅनल बरोबर होतं ते तुम्ही दोघी दहा वर्षं बोललात तरी सुटणार नाही. इतकंच म्हणा की त्या मेसेजने मला खूप लागलं आणि तू नाहीस तर महिला मंडळात मन लागत नाही. माफी मागायला लावू नका. तिने आपणहून मागितली तर द्या.

आणि तिने दार लावलं तर? मग दुसऱ्यांदा जा आणि या वेळी दोघींचा विश्वास असलेल्या एका वयस्कर बाईला सोबत न्या, मत्तय १८ मध्ये पुढची पायरी तीच आहे. पाळकसाहेबांना (पास्टरना) लगेच मध्ये घालू नका, कारण त्यांनी बोलावलं की ते ऑफिसचं काम होतं आणि मग कोण जिंकलं ते मंडळी बघत बसते.

एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. आपली उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झाली, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. त्याची बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. कोणी लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे, कोणी म्हणणारे की मोठं होऊन स्वतः कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाहीच, कोणाकडे बिशप, कोणाला बिशप मान्यच नाही. एकेचाळीस वर्षं बसले, उठले, परत बसले, आणि शेवटी दोन्ही प्रकारचा बाप्तिस्मा एकाच मंडळीत ठेवला. एवढे मोठे वाद असूनही लोकांनी बोलणं सोडलं नाही, आणि आपण एका ग्रुपवरच्या मेसेजवरून दोन वर्षं घालवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही जाऊन आलात की मला कळवा, मी तुम्हा दोघींसाठी प्रार्थना करतेय.

प्रश्न : मी चाकणला कंपनीत आहे, वय २९, पिंपरीत रूम घेऊन राहतो. रोटेशन शिफ्ट असल्यामुळे महिन्यातले दोन-तीन रविवार ड्युटी असते. मी मोबाईलवर लाइव्ह उपासना बघतो, वचन ऐकतो, अर्पण ऑनलाइन पाठवतो. आई म्हणते हे खरं चर्च नाही. काय बिघडलं? — एक तरुण, पिंपरी

उत्तर : बेटा, तू काही वाईट करत नाहीयेस आणि आईपण चुकीची नाहीये. आधी तुझ्या ड्युटीबद्दल बोलू, कारण रविवारी कामावर जावं लागतं म्हणून अपराधी वाटून घेणारी खूप मुलं मला लिहितात. पहिल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हतीच. त्यांच्यात कितीतरी गुलाम होते, त्यांना कोण सुट्टी देणार. इ. स. ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाच्या रोमी अधिकाऱ्याने बादशहाला पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आत जमतात, ख्रिस्ताला गीत म्हणतात, मग पांगतात आणि जेवायला पुन्हा एकत्र येतात. म्हणजे कामाच्या आधी आणि कामाच्या नंतर. रविवारची सरकारी सुट्टी कॉन्स्टंटाईनने ३२१ साली दिली. आणि आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, आणि ते सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. त्यामुळे रविवारी मशीनवर उभा राहिलास म्हणून तू देवापासून लांब गेलास असं समजू नकोस.

पण मोबाईलवर तू एकटा आहेस, आईला खुपतंय ते हेच. इब्री लोकांस पत्रात दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका असं लिहिलंय, आणि त्याच वाक्यात कारणही आहे, एकमेकांना उत्तेजन द्या म्हणून. तू लाइव्हवर बघितलंस तर तुला वचन मिळालं, पण तुझ्या बाजूला बसलेल्या माणसाला तू कुठे मिळालास? तुझी नोकरी गेली, ताप आला, रूमवर एकटा पडलास तर त्या चॅनेलला कळणार आहे का? आणि त्या मंडळीतली एखादी म्हातारी आजी आजारी पडली तर तुला कळणार आहे का?

म्हणून मी तुला असं सुचवते. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी मंडळ्या आहेत, त्यातली रूमपासून जवळची एक धर, गाणी भारी वाजतात म्हणून लांबची नको. पाळकांना तुझं शिफ्टचं वेळापत्रक सरळ दाखव. बहुतेक मंडळ्यांत आठवड्यात एखादी घरसभा किंवा शास्त्राभ्यास असतो, सेकंड शिफ्ट नसेल त्या आठवड्यात तिथे जा, आणि गेलास की मागे बसून निघून येऊ नकोस, सतरंज्या उचल, खुर्च्या लाव, कोणाला घरी सोडायचं असेल तर गाडीवर सोड. दोन महिन्यांत लोक तुला नावाने हाक मारायला लागतील. लाइव्ह बघणं बंद कर असं मी म्हणत नाही, ड्युटीच्या रविवारी बसमध्ये ऐकायला ते चांगलंच आहे.

प्रश्न : बदलीमुळे आम्ही नवीन शहरात आलो. चर्चला गेलो तर लोक प्रेमाने बोलले, पण तिसऱ्याच रविवारी एका काकांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कोणते, म्हणजे आधीचे?" मला कळलं त्यांना काय विचारायचंय, म्हणजे जात. मुलीच्या लग्नाचंही पुढे बघायचंय. अशा ठिकाणी राहायचं का दुसरी मंडळी शोधायची? — एक वाचक, नाशिक

उत्तर : भाऊ, हा प्रश्न तुम्हाला देवाच्या घरात विचारला गेला याचं मला फार दुःख आहे. आणि हे फक्त तुमच्याकडे नाही, लग्न जमवताना तर खूप ठिकाणी हे उघडपणे विचारलं जातं, आपण ते कबूल केलं पाहिजे. आपण ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांचं नाव घेतो, पंडिता रमाबाईंचं घेतो, अभिमानाने घेतो आणि घ्यायलाच पाहिजे, पण या भागातल्या गावोगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजातल्या कुटुंबांमुळे, ज्यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाचा बहिष्कार सोसला. त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी आता एकमेकांना "आधीचे कोणते" विचारावं, हे कसं चालेल?

याकोबाने आपल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांच्या माणसाला पायाशी बसवणं याला सरळ पाप म्हटलंय. आणि प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय बघा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली, म्हणजे अगदी पहिल्या मंडळीतसुद्धा हा भेद घुसलाच होता. प्रेषितांनी काय केलं? तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सात माणसं निवडून वाटपाचं काम त्यांच्या हातात दिलं आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांना डावललं होतं त्यांच्याच हातात कारभार आला.

त्यामुळे मला विचाराल तर राहा. त्या काकांना पुढच्या वेळी शांतपणे सांगा की आम्ही ख्रिस्ती आहोत आणि त्याआधीचं आम्ही कोणाला विचारत नाही. एवढंच, आवाज न चढवता. मग कमिटीत, संडे स्कूलमध्ये, जिथे काम मागता येईल तिथे मागा. मुलीचं लग्न ठरवताना मात्र तुम्ही स्वतः ही चौकशी कोणाकडे करू नका, आणि कोणी केली तर तिथे स्थळ पुढे नेऊ नका, कितीही चांगली नोकरी असली तरी. पण मंडळीत उघडउघड अपमान होत असेल, पोरीला ऐकवलं जात असेल आणि पाळकांना सांगूनही ते गप्प बसत असतील तर दुसरीकडे जा, त्यात पाप नाही, जाण्याआधी कारण मात्र लेखी द्या म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षिका, पेन्शनवर आहे. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला देते. मुलगा म्हणतो चर्चमध्ये पैशावरून भांडणं चालू आहेत, आता देऊ नको. — एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, द्या, पण हिशोब मागून द्या. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, पौल गरीब भावांसाठी गोळा केलेली रक्कम एकट्याच्या हातात ठेवत नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कोणी दोष देऊ नये म्हणून. पौलाला हिशोबाची गरज वाटली तर आपल्या ट्रेझररला वाटायला हरकत नसावी. चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, ऑडिट करून घ्यावं लागतं, तेव्हा वार्षिक सभेत ऑडिट रिपोर्ट वाचून दाखवा असं तुम्ही हात वर करून म्हणू शकता, आणि तुम्ही शिक्षिका असल्यामुळे तुमचं ऐकतील. नवव्या अध्यायात पौल असंही सांगतो की प्रत्येकाने मनात ठरवलं तसं द्यावं, दुःखी होऊन किंवा भाग पडतं म्हणून नको. त्यामुळे औषधपाण्याला पैसे कमी पडत असतील तर कमी द्या, कोणी काही म्हणणार नाही आणि म्हटलं तर त्यांना माझं हे उत्तर दाखवा. हिशोब मिळेपर्यंत मन धजत नसेल तर तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा आणि मंडळीतल्याच एखाद्या गरजू घराच्या मुलांची फी किंवा कोणाचं डायलिसिस असेल त्याला द्या, पाळकांना सांगून द्या, गुपचूप नको. मुलालाही सोबत घेऊन जा, त्याने कोणाच्या घरी पैसे गेले ते स्वतः बघू दे.