उडीनंतर गुडघे आत वळतात: दोष गुडघ्याचा कमी, वरचा-खालचा जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी 13 वर्षांची, व्हॉलीबॉल खेळते. स्मॅश किंवा ब्लॉक करून खाली येताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे वळतात. सर ओरडतात, ‘गुडघे बाहेर ठेव.’ शेजारी म्हणतात नी-कॅप घ्या. आणि एका नातेवाइकांनी ‘वाढतं वय आहे, खेळच बंद करा’ म्हणून घाबरवून ठेवलंय. दुखत मात्र काहीच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, शाळा-क्लबांच्या खेळाडूंबरोबरच माझं बरंचसं काम चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेळ बंद करायचं काहीही कारण नाही. नी-कॅपनं गुडघ्याला ऊब मिळते, डाइव्ह मारताना खरचटत नाही, इतकंच. गुडघा आत वळायचा तो वळतोच.

आधी थोडा हिशोब. 45 किलोची मुलगी 30 सेंटीमीटर उडी मारून खाली येते, तेव्हा पाय टेकताना तिचा वेग सेकंदाला साधारण 2.4 मीटर असतो. हा वेग शून्यावर आणायचाच आहे, प्रश्न आहे किती अंतरात. पाय ताठ ठेवून शरीर पाच सेंटीमीटरांत थांबलं, तर त्या वेळात जमिनीकडून सरासरी वजनाच्या सातपट जोर येतो. घोटा, गुडघा, कंबर वाकवून तेच वीस सेंटीमीटरांत थांबवलं, तर अडीचपट. हे सरासरीचे आकडे झाले, क्षणिक झटका त्याहून मोठा असतो. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो ना, नाहीतर तळवे झिणझिणतात, तसंच हे. मुलगी मऊ उतरते की आदळते, हे पाहायलाही लागत नाही, आवाजावरून कळतं. धप्प आवाज आला की समजा, जोर स्नायूंऐवजी सांध्यांनी घेतला.

आता गुडघा आत का वळतो. गुडघा हा मधला सांधा, त्याला आपल्या मनानं फारसं काही करता येत नाही. वरून मांडीचं हाड आत फिरलं की तो आत जातो, आणि ते हाड आवरून धरायचं काम कुल्ह्याच्या बाजूच्या नि मागच्या स्नायूंचं. खालून घोटा पुरेसा वाकत नसेल, पोटरी आखडलेली असेल, तर तळपाय आतल्या बाजूला कोसळतो आणि गुडघ्याला सोबत नेतो. तिसरी गोष्ट धड. स्मॅश मारताना चेंडू मागे राहिला, की मुलगी हवेत एका बाजूला झुकते आणि सगळं वजन एकाच पायावर येतं. उजव्या हातानं स्मॅश मारणारे बरेच जण डाव्या पायावर आधी उतरतात. तिचा व्हिडिओ काढलात तर हे आधी बघा.

भीती असते ती एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आत तिरक्या जाणाऱ्या लिगामेंटची (हाडांना हाडं जोडणाऱ्या चिवट पट्ट्याची). नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि पिळू नये, हे तिचं काम. गुडघा जवळजवळ सरळ असताना मांडीचा पुढचा स्नायू जोरात आवळला, की तो नडगीला पुढे ओढतो. मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, तिला मागे धरतात, पण त्यांचा जोर गुडघा वाकलेला असताना चांगला लागतो. म्हणून ताठ उतरणं आणि आत वळणं या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाईट. यातल्या बहुतेक दुखापतींत कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना, पळता पळता थांबताना किंवा दिशा बदलताना लिगामेंट जाते.

हे 13 व्या वर्षीच का दिसायला लागतं? मुलींची उंची सर्वांत वेगानं वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. पाय लांब होतात, वजन वाढतं, शरीराचा तोल वर सरकतो. मुलांमध्ये त्याबरोबर स्नायूंची ताकदही झपाट्यानं वाढते. मुलींमध्ये ती आपोआप तेवढी येत नाही, सरावानं आणावी लागते. बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या खेळांत एसीएलच्या दुखापती मुलींना मुलांपेक्षा दोन ते तीनपट जास्त होतात, त्यामागचं हे एक कारण. म्हणजे तुमच्या नातेवाइकांचं निरीक्षण बरोबर आहे, इलाज मात्र उलटा.

सरांच्या ओरडण्याबद्दल. दुखापतींच्या व्हिडिओंचा बारकाईनं अभ्यास झाला आहे. त्यात असं दिसलं, की पाय टेकल्यापासून साधारण 40 मिलिसेकंदांत लिगामेंट गेलेली असते. सेकंदाचा पंचविसावा भाग! एवढ्यात कुठलाही माणूस ऐकून, विचार करून गुडघा सावरू शकत नाही. स्नायू हवेतच तयार असायला लागतात, आणि ते सवयीनंच होतं. शिवाय ‘गुडघे बाहेर’ सांगितलं की मुली सरावात गुडघे बाहेर फेकतात आणि मॅचमध्ये चेंडूकडे लक्ष गेलं की पुन्हा जैसे थे. ‘आवाज न करता उतर’ ही सूचना कितीतरी चांगली चालते. नुसत्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगितलं तरी जमिनीचा जोर कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

घरी तपासायचं तर असं करा. शॉर्ट्स घालायला सांगा आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाटीवर मधोमध एकेक मोठी टिकली चिकटवा. टेपनं मोजून साधारण 30 सेंटीमीटर उंचीचं घट्ट, न हलणारं काहीतरी शोधा (बहुतेक जिन्यांच्या दोन पायऱ्या तेवढ्या भरतात). फोन समोर तीन-चार मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला, स्लो मोशनवर. तिनं पुढे उतरायचं आणि लगेच जमेल तेवढी उंच उडी मारायची. दोन-तीनदा समोरून, दोन-तीनदा बाजूनं. मग बघा: टिकली पायाच्या अंगठ्याच्या आत जाते का? दोन्ही पाय एकदम टेकतात का? बाजूच्या व्हिडिओत पाय टेकतानाच गुडघा थोडा वाकलेला आहे का, की काठीसारखा सरळ? दुसऱ्या उडीनंतरचं उतरणंही बघा, खरी सवय तिथे दिसते. कसं उतरायचं ते तिला आधी सांगू नका, नाहीतर ती परीक्षा दिल्यासारखी उतरेल.

पण या व्हिडिओवरून भविष्य सांगू नका. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 205 मुलींच्या उड्या आधी मोजून ठेवल्या होत्या. पुढे ज्या 9 जणींची एसीएल फाटली, त्यांचा गुडघा उतरताना इतरांपेक्षा सुमारे 8 अंश जास्त आत गेलेला होता. त्यावरून चाचण्यांचं पेवच फुटलं. नंतर नॉर्वेत सातशेहून जास्त अव्वल महिला हँडबॉल-फुटबॉल खेळाडूंवर तेच करून पाहिलं. गुडघा आत जाण्याचा दुखापतीशी थोडा संबंध दिसला, पण कुणाला होईल नि कुणाला नाही हे वेगळं काढता येईना. माझं मत असं, की व्हिडिओ सुधारणा मोजायला वापरा आणि सराव मात्र अख्ख्या संघानं करावा.

सराव आठवड्यातून दोन-तीनदा, 15-20 मिनिटं, वॉर्म-अपमध्येच. अशा कार्यक्रमांनी एसीएलच्या दुखापती निम्म्यावर येतात, अर्थात सातत्य असेल तर. सुरुवात एका पायरीवरून दोन्ही पायांवर उतरून तीन सेकंद तिथेच थांबण्यापासून. ते बिनआवाजाचं जमलं की पुढे उडी, मग बाजूला, मग हवेत पाव वळण घेऊन. एका पायावर उतरणं त्यानंतरच, आणि सगळ्यात शेवटी उतरता उतरता चेंडू पास करणं. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि खेळात तर नेमकं तेच लागतं. जोडीला ताकद: सावकाश उठाबशा, एका पायावर ब्रिज (उताणं झोपून, एक पाय टेकवून कंबर उचलणं), साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर शरीर सरळ तोलून धरणं), पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, आणि गुडघ्यावर बसून, मैत्रिणीला घोटे धरायला लावून सावकाश पुढे झुकायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम. हा शेवटचा पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळांपेक्षा जास्त नको, मांड्या मागून फार दुखतात. आणि दमल्यावर उड्यांचा सराव नको. दमलेले पाय आदळतात आणि तीच सवय पक्की होते.

कोर्ट सिमेंटचं असेल तर दिवसाच्या एकूण उड्या कमी ठेवायला सरांना सांगा. त्यांना पटत नसेल तर सरळ म्हणा, ‘सर, या व्यायामानं उडी पण वाढते.’ खोटं नाही ते, आणि प्रशिक्षक ऐकतात ते याच वाक्याला.

नडगीच्या वरच्या टोकाला, वाटीच्या खाली उंचवटा येऊन तिथे दुखायला लागलं, तर ते या वयात नेहमीचं आहे. काही आठवडे उड्या कमी करा आणि एकदा दाखवून घ्या. पण उतरताना गुडघ्यात ‘टक्’ झालं आणि काही तासांत सूज आली, गुडघा अडकला किंवा पाय टाकताना निसटतोय असं वाटलं, तर मालिश-बिलिश काही न करता थेट ऑर्थोपेडिककडे न्या.