एक फुफ्फुस थांबवले, तर ऑक्सिजनचे काय?

प्रश्न : वडिलांच्या (वय 61) उजव्या फुफ्फुसातील गाठीवर मिरजेत शस्त्रक्रिया ठरली आहे. त्या वेळी उजवे फुफ्फुस बंद ठेवून केवळ डाव्यावर श्वास चालवणार, असे भूलतज्ज्ञांनी सांगितले. मग ऑक्सिजन कमी होणार नाही का?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : कमी होऊ शकतो, आणि ते गृहीत धरूनच भूलतज्ज्ञ तयारी करतात. फुफ्फुस हलत राहिले तर सर्जनला काम करणे अवघड जाते, म्हणून श्वासनलिकेत दुहेरी मार्गाची नळी घालून एका बाजूची हवा बंद करतात. खरी अडचण पुढे आहे : हवा थांबली तरी त्या फुफ्फुसातले रक्त थांबत नाही. पडीक वाफ्याचे दार उघडे राहून पाटाचे पाणी वाया जावे, तसे ते रक्त ऑक्सिजन न घेताच परत येऊन चांगल्या रक्तात मिसळते. सुदैवाने हवा न मिळणाऱ्या भागातील रक्तवाहिन्या आपोआप आकसतात. स्वीडनमधील फॉन ऑयलर आणि लिल्येस्त्रांद यांनी 1946 मध्ये हे मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. शिवाय रुग्णाला डाव्या कुशीवर निजवल्याने बरेचसे रक्त खालच्या, चालू फुफ्फुसाकडे वळते. मात्र एरवी सुमारे 55 टक्के रक्त उजवीकडे जात असल्याने उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत अधिक सावध राहावे लागते.

रक्तातील ऑक्सिजनची पातळी 90 टक्क्यांखाली घसरू लागली, की श्वासातून दिला जाणारा ऑक्सिजन 100 टक्के करून भूलतज्ज्ञ पहिला संशय नळीवर घेतात, कारण रुग्णाला कुशीवर वळवताना ती एखादा सेंटिमीटर जरी सरकली तरी सगळे बिघडते. बारीक दुर्बीण नळीतून घालून ती जागेवर आहे ना हे पाहतात, साचलेला कफ ओढून काढतात, रक्तदाब तपासतात. त्यानंतर चालू फुफ्फुस नीट फुगवून श्वास सोडल्यावरही त्यात थोडा दाब राखला जातो. तेवढ्याने भागले नाही तर बंद फुफ्फुसालाही मंद दाबाने ऑक्सिजन देतात, परंतु त्याने ते किंचित फुगते आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनची दृष्टी अडते, म्हणून हे त्यांना विचारूनच. पातळी एकदम कोसळली, तर मात्र या पायऱ्या चढत बसायचे नसते. सर्जनला थांबवून दोन्ही फुफ्फुसे फुगवायची. ‘थांबा’ म्हणायला भूलतज्ज्ञाने संकोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या हाती असलेले एवढेच : वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद करा, तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम रोज करून घ्या आणि पूर्वी क्षयरोग किंवा दमा झाला असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.