सक्रिय भूविवर्तनाच्या, म्हणजे भूकवचाच्या आजही चालू असलेल्या हालचालींच्या, नव्या संशोधकाला मार्गदर्शकाने आधी काय शिकवावे?

माझ्या मते संगणकावरील प्रतिमानांच्या आधी भ्रंशावर, म्हणजे जिथे खडक तुटून सरकले त्या भेगेवर, खणलेल्या चराची भिंत वाचायला शिकवावे. भिंत खरवडून स्वच्छ केल्यावर खिळे व सुतळीने मीटरभराचे चौकोन आखावेत आणि विद्यार्थ्याने आलेखकागदावर थर उतरवेपर्यंत मार्गदर्शकाने स्वतःचे मत बोलून दाखवू नये, कारण एकदा वडीलधाऱ्यांनी ‘हा भ्रंश’ म्हटले की नवख्या डोळ्यांना तोच दिसू लागतो. थराचे वय ज्यावरून काढतात तो कोळशाचा तुकडा ज्या थरात सापडला त्याहून बराच जुना असू शकतो, हेही तिथेच समजावावे. नाहीतर भूकंपाचे वयच चुकते.

या कामाचे मोल नेपाळमध्ये दिसले. १९३४च्या बिहार-नेपाळ भूकंपाचा भ्रंश भूपृष्ठापर्यंत आलाच नाही, असा समज दीर्घकाळ होता. मात्र भूवैज्ञानिक सोमनाथ सापकोटा व सहकाऱ्यांनी सीर खोला येथील नदीकाठचे थर तपासून १९३४ आणि १२५५ या दोन्ही भूकंपांचे भूपृष्ठभंग (भ्रंशाने जमिनीचा पृष्ठभाग फाडल्याच्या खुणा) २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाशित मतावर शंका घेणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच गप्प बसवू नये, तर त्याच्याकडून पुरावा मागावा. शोधनिबंधात पहिले नाव कोणाचे, हे मात्र क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.